न बदललेले लायनर

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर कधी राग आला नव्हता. गेल्या महिन्यात आला आणि अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही ज्या बांधकाम कंपनीत हेडमिस्त्री होतात, तिथल्याच मशिनांची देखभाल आता माझ्याकडे आहे. वर्कशॉप नगरातून सुप्याला हलवलंय, पद्धत मात्र तुमच्या वेळचीच: चालतंय तोवर चालवायचं, बंद पडलं की मिस्त्रीला हाक मारायची. ठरलेल्या तासांनी गाडी उभी करून तपासू द्या म्हटलं की साइटवरचे साहेब म्हणतात, "मॅडम, गाडी उभी म्हणजे काम उभं." त्यांना पटवायला जुने अपघात दाखवावेत म्हणून मी कपाटातल्या तुमच्या काळातल्या फायली काढल्या.

तुमचं अक्षर दिसलं तेव्हा आधी बरंच वाटलं. केडगावची आपली खोली आठवली. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून रॉकेलनं हात चोळताय, आई भाकरी थापतेय आणि मी चौथीची वही पुढे करतेय. गणितं न सोडवताच मी खाली 'पूर्ण' असं लिहिलं होतं. तुम्ही मारलं नाही. वही मिटून म्हणालात, "न केलेलं काम केलं म्हणून लिहायचं न्हाई. हितं नुसतं गणित चुकतं, आमच्याकडं मानूस जायबंदी व्हतो." डिप्लोमाला नंबर लागला तेव्हा तुम्ही मला स्वतःचे पाने दिलेत. ते वापरून झिजले, पण हे वाक्य मी आजवर प्रत्येक नव्या मेकॅनिकला ऐकवत आले. आमचे अण्णा म्हणायचे, असं सांगून.

फायलीत भंडारदऱ्याकडच्या घाटरस्त्याच्या कामावरच्या टिपरचे कागद होते. तो चालवणारे काका कधी कधी आपल्याकडे जेवायला यायचे. पाथर्डीकडचे, गळ्यात तुळशीची माळ. माझ्याशी ते मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. मी तिसरीत असताना उतारावर तो टिपर कठड्याला धडकला आणि काकांचा पाय गुडघ्यापासून गेला. तुम्ही घरी आलात, आईला म्हणालात, "पिऊन हुता," आणि ताटावर बसलात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत त्यांच्या मुलीला सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तुझा बाप पेताड आहे." ती दप्तर उचलून चालू लागली. महिन्याभरात ते बिऱ्हाडच गावाकडे गेलं.

आता कागद सांगतात ते वेगळं. दुरुस्तीच्या वहीत काकांची तक्रार तीन वेळा नोंदवलेली आहे: उतारावर ब्रेक धरत नाही. तिसऱ्या तक्रारीखाली तुमच्या अक्षरात, 'लायनर बदलले. गाडी ठीक.' आणि स्टोअरच्या वहीत त्या सबंध महिन्यात ब्रेकचं एकही लायनर बाहेर गेलेलं नाही. त्यामागेच चौकशीतला तुमचा जबाब: चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता. सही तुमची, ठळक आणि स्पष्ट.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. काका मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसतात. मला ओळखलं नाही. कंपनीतून आले, जुना अपघात तपासतोय, असं सांगितल्यावर त्यांनी गिरणी बंद केली.

"मिस्त्री म्हनला, लायनर सोमवारी येतंय, तवर गिअरात उतरव," ते म्हणाले. "साहेब गाडी उभी करू देईना, त्यो तरी काय करनार? त्याचा मला राग न्हाई. पन दवाखान्यात माझ्या खाटंपाशी उभा ऱ्हायला, आन् लायनरचं कुनालाच बोलला न्हाई." मग गळ्यावरून हात फिरवत म्हणाले, "सगळं गाव पेताड म्हनाया लागलं. मग माळ काढून देवापुढं ठिवली."

भीतीपोटी तुम्ही खोटी नोंद केलीत, हे मी एक वेळ समजून घेईन. नोकरी गेली तर काय, ही धास्ती मलाही ठाऊक आहे. पण गणिताच्या वहीवरून तुम्ही मला बोललात ते अपघातानंतर, मी चौथीत गेल्यावर. तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही मला प्रामाणिकपणा शिकवत होतात की माझ्याआडून स्वतःशीच बोलत होतात? काहीही असो, त्या वाक्यावर मी माझं आयुष्य उभं केलं आणि तुम्ही ते करू दिलंत.

मालकांपुढे मी दोन्ही वह्या उघडून ठेवल्या. ते म्हणाले, "तुमच्याच वडिलांचं नाव जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या. तीन आठवडे मागे लागले तेव्हा कुठे कंपनीच्या कागदावर पत्र मिळालं: ब्रेक नादुरुस्त होते, चालक नशेत नव्हता. काल ते घेऊन पुन्हा गेले. काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि सुनेला हाक मारून तिलाही वाचायला लावलं. मी कंपनीच्या वतीनं माफी मागितली.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र आईला दाखवणार नाही. तिच्यासाठी तुम्ही होतात तसेच राहा. तुम्हाला सांगायचं एकच राहिलंय. निघताना काकांनी विचारलं, "मिस्त्रीची एक पोर हुती, माझ्या पोरीच्या वर्गात. तिचं बरं चाललंय ना?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."