घडीची कार्बाइन, शालूचा पट्टा आणि ऑक्टोबरातली गुढी

मी, श्रीमती मृणालिनी प्रमोद दिवेकर, वय वर्षे सहासष्ट, धंदा गृहिणी, सध्या निवृत्त (निवृत्ती मी स्वतःच घेतली, कोणी देत नव्हतं), मूळची पुण्याची, हल्ली राहणार वेलिंग्टनजवळ अप्पर हट, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पिऊन आणि कोणाचंही न ऐकता लिहून ठेवते. वकीलसाहेबांनी "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असं लिहायला सांगितलं होतं. आमच्या घरात त्यालाच "कोणाचंही न ऐकता" म्हणतात. इंग्रजी प्रत ते करतील. ती कोरडी होईल, त्याला माझा इलाज नाही.

निमित्त असं, की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, नेहमीचंच आहे. त्यांच्यासाठी असेल! तरी मला मरणाची धास्ती नाही, खोटं कशाला बोलू. मला घोर आहे तो एकाच गोष्टीचा. माझी घडीची कार्बाइन. इथल्या कायद्याने बंदुकीचा परवाना असलेल्या माणसालाच ती बाळगता येते, आणि आमच्या घरात तो परवाना फक्त माझ्याकडे आहे. मी गेले की ती पोलिसांकडे जमा होणार आणि वितळवली जाणार.  म्हणून हे मृत्युपत्र खरं तिच्यासाठी आहे. घर, दागिने वगैरे आपलं तोंडी लावायला.

कलम पहिले. अप्पर हटमधलं माझं राहतं घर, त्यातल्या हीटरसकट आणि गळक्या पन्हळीसकट, माझी नात चि. अनुष्का हिला द्यावं. माझा मुलगा श्याम याने "आई, मला काही नको, सगळं अनुष्काला दे" असं फोनवर तीनतीनदा सांगितलं आहे. बरं झालं.

कलम दुसरे. श्यामला माझे आशीर्वाद. ते त्याने मागितले नाहीत, तरी घ्यावेच लागतील. प्रमोद गेल्यापासून हा मुलगा दर रविवारी ऑकलंडहून मला एकच प्रश्न विचारतो : "आई, तू आमच्याकडे माउंट रॉस्किलला कधी मूव्ह होतेस?" तिथे माझ्यासाठी खोली तयार आहे. तिला खिडकी आहे. खिडकीतून शेजाऱ्यांचं कुंपण दिसतं, आणि कुंपणावर एकही ससा बसत नाही. मी तिथे करू काय?

कलम तिसरे. माझी शेजारीण डोरीन हिला या मृत्युपत्रातून काहीही देत नाही. रागाने नव्हे. साक्षीदाराला, आणि साक्षीदाराच्या नवऱ्याबायकोलाही, मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा नियम आहे, आणि डोरीन माझी पहिली साक्षीदार आहे. तिला द्यायचं ते मी हयातीतच दिलं : लिंबाच्या गोड लोणच्याची मोठी बरणी. ती ते चीजवर घालून खाते. खाऊ दे. दुसरी साक्षीदार माझी सून सौ. संपदा. तिलाही मी काही ठेवलेलं नाही आणि श्यामनेही काही घेतलेलं नाही, त्यामुळे ती सही करायला मोकळी आहे. आत्ता ती स्वयंपाकघरात माझ्यासाठी बिनमिठाची भाजी करते आहे. भांडी जरा जास्तच वाजतायत.

कलम चौथे, म्हणजे मुख्य. सदर कार्बाइन ही लहान बोअरची, म्हणजे बारीक नळीची, एका वेळी एकच गोळी उडवणारी, मधोमध बिजागरी असलेली, घडी घातली की लाटण्याहून थोडी लांब, अशी आहे. ती माझ्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय कोणाला द्यायची ते ठरत नाही.

मी कॉलेजात असताना एन.सी.सी.त होते आणि कॅम्पात माझा नेम मुलामुलींत पहिला आला होता. पदक घेऊन सासरी आले. सासूबाईंनी ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे बायका नेम धरतात तो फोडणीत मोहरी टाकताना." झालं! पस्तीस वर्षं मी मोहरीवर काढली. पुढे श्यामच्या मागोमाग आम्ही दोघं इथे आलो, आणि एक दिवस डोरीन मला डोंगरापलीकडे तिच्या बहिणीच्या शेतावर घेऊन गेली. तिथे सशांनी कोबीचा आख्खा वाफा फस्त केलेला. इथे ससा म्हणजे गोंडस प्राणी नव्हे, शेतकऱ्याच्या उरावर बसलेलं संकट. डोरीनने सहज बंदूक पुढे केली : "वॉना हॅव अ गो, मिनी?" (मृणालिनी तिला झेपत नाही.) मी घेतली. कुंपणावरचा रिकामा डबा पहिल्याच गोळीला उडाला. डोरीन तो डबा उचलून त्याचं भोक निरखत बसली. प्रमोद मात्र असे टाळ्या वाजवत होते की मेंढ्या पळाल्या.

मग परीक्षा दिली, परवाना काढला. पोलिस घरी आले, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांनी नवऱ्याची वेगळी चौकशी केली : "तुमची बायको रागीट आहे का?" प्रमोदनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, तोंडात चकली कोंबली आणि मान जोरजोरात हलवली. नकारार्थी. चकली संपेपर्यंत साहेबांचं लिहून झालं होतं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

प्रश्न एकच होता : मंडळाला कळता कामा नये. आमच्या मराठी मंडळात दिवाळीच्या अनारशांची जबाबदारी माझ्याकडे, संकष्टीचं अथर्वशीर्ष माझ्याकडे. शाकाहारी माणूस मी! सशाच्या अंगाला बोट लावत नाही. तो डोरीनचा, नेम तेवढा माझा. पण हे सांगायचं कोणाला? अंगणातून डोरीनच्या गाडीपर्यंत काय घेऊन चालले, हे समोरच्या रमणभाऊंना पडद्याआडून दिसतंच. म्हणून प्रमोदनी आपली हार्मोनियम पलंगाखाली सरकवली आणि तिच्या खोक्यात कार्बाइनची सोय केली. जन्मभर कारखान्यात मशीनं बसवली त्यांनी, पण इतक्या मायेने कुठलंच बसवलं नसेल. जुन्या गादीचा फोम कापून घडीच्या मापाची खाच केली. आतून मंडळाने त्यांना सत्काराला दिलेली शाल लावली ("अखेर उपयोग झाला," म्हणाले). कार्बाइनवर बसवलेल्या दुर्बिणीच्या काचेला हिंगाच्या डबीचं झाकण चपखल बसलं. अजून वास येतो, सशांना आवडत नसावा. नळीच्या तोंडाला मी अनुष्काची तान्हेपणीची लोकरीची कुंची घातली. बोल्ट, म्हणजे गोळी मागून कोंडणारा दांडा, काढून वेगळ्या कुलुपात आणि गोळ्या त्याहून वेगळ्या कुलुपात. त्यात आम्ही कधीही हयगय केली नाही. आणि खांद्याचा पट्टा. पट्टा माझ्या लग्नाच्या शालूच्या काठाचा आहे. मजबूत जर, चाळीस वर्षांत तार सुटली नाही.

इथे एक जुनं भांडण मिटवून टाकते. संपदाने लग्नात तो शालू माझ्याकडे मागितला होता. मी तेव्हा "बघू" म्हणाले. पुढे तिने परत विचारलं तेव्हा पट्टा शिवून झाला होता, म्हणून मी सांगितलं की कसर लागली. तेव्हापासून ती माझ्याशी अगदी व्यवस्थित वागते. ज्यांना सून आहे त्यांना यातला अर्थ कळेल.

तर असं सजवून आम्ही महिन्यातून एकदा "रियाजाला" जात असू. मंडळात माझ्या संगीतप्रेमाचं फार कौतुक होतं. स्नेहलता नाडगौडांनी तर मला गणपतीत वाजवायचा आग्रह धरला. मी म्हटलं, अजून हात बसला नाही.

कलम पाचवे. आता गुढीची हकीकत, कारण ती मी मेल्यावर तरी लोकांना कळली पाहिजे.

दीड वर्षापूर्वीची खंडेनवमी. प्रमोद गेल्यावरही मी शस्त्रपूजा चुकवत नव्हते. बोल्ट काढलेली कार्बाइन उघडून पाटावर ठेवली. हळद, कुंकू, झेंडू, आणि मूठभर अक्षता जरा सढळ हाताने. चार वाजता बायका भोंडल्याला यायच्या होत्या. माझ्या घड्याळात तीन. आणि बाहेरच्या दारात स्नेहलता, मागे सगळी फौज! त्याच दिवशी पहाटे इथलं घड्याळ उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेलं होतं, आणि मी ते पुढे करायला विसरले होते.

कार्बाइनची घडी घालायला गेले तर घडी पडेना. अक्षता बिजागरीत जाऊन बसलेल्या! ओढते, दाबते, देवाचं नाव घेते, छे. खोक्यात मावेना, पलंगाखाली हार्मोनियम. तेवढ्यात खोलीत संपदा. ती आणि अनुष्का त्या आठवड्यात माझ्याकडे आल्या होत्या. मी हाताला आली ती साडी कार्बाइनला गुंडाळली, तिला कोपऱ्यात उभी केली, वर तांब्या पालथा घातला आणि झेंडूची माळ चढवली.

स्नेहलता आत आली ती बघतच राहिली. "अगंबाई, मृणालिनीताई! दसऱ्याला गुढी?"

माझ्या तोंडून काय बाहेर पडलं ते देवालाच ठाऊक. म्हटलं, "अहो, गुढी वसंतात उभारायची ना? मग आपल्या या गोलार्धात वसंत कधी येतो? आत्ता!"

 मग स्नेहलता म्हणाली, "खरंच की! इतकी वर्षं आपण चुकीच्या ऋतूत उभारतोय!" आणि तिने गुढीला हळदकुंकू वाहिलं. मागोमाग सगळ्यांनी. अनुष्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, व्हाय इज इट सो शॉर्ट?" मी म्हटलं, वेलिंग्टनचा वारा, बाळा, उंच काही टिकत नाही. मी आतून अशी हसत होते की भोंडल्याची गाणी मला म्हणताच येईनात. गेल्या ऑक्टोबरात तर मंडळाच्या सात घरांत वासंतिक गुढ्या लागल्या. मंडळाने परिपत्रक काढलं होतं!

फक्त एकीने नमस्कार केला नाही. संपदा पुढे झाली, साडीच्या निरीतून बाहेर आलेला जरीचा पट्टा तिने बोटांनी आत सारला, माझ्याकडे पाहिलं आणि पोहे करायला निघून गेली. त्यावर ती आजपर्यंत एक शब्द बोललेली नाही. तिला माझी किळस आली असणार, असं मी धरून चालले आहे. त्याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. लिहिलं ते बरं झालं.

तर कलम चौथे पुढे : सदर कार्बाइन, तिचा खोका, शाल, कुंची, हिंगाचं झाकण आणि पट्टा यांना वारस नाही. सबब माझ्या मृत्यूनंतर ती पोलिसांकडे जमा करावी. वितळवताना पट्टा काढून घ्यावा.

इथे मजकूर संपवून मी डोरीनला हाक मारली. ती आली, "किया ओरा, मिनी," असा इथला माओरी नमस्कार करून खुर्चीत बसली. संपदा हात पुसत आली. नियमाप्रमाणे दोघींच्या देखत मी सही करायची, मग त्यांनी. मी संपदापुढे पेन धरलं.

तिने घेतलं नाही.

"आई, मी साक्षीदार नाही होणार."

"का गं? नुसती सही तर करायची."

"साक्षीदाराला काही मिळत नाही ना?"

"तुला मी ठेवलंय काय त्यात?" मी म्हटलं. जरा खोचकच म्हटलं.

तिने पर्समधून एक कार्ड काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. बंदुकीचा परवाना. संपदा श्याम दिवेकर. वर तिचा फोटो, अगदी कोणाला तरी रागावल्यासारखा.

मी ते कार्ड उलटसुलट करून दोनदा वाचलं. डोरीन माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. तिला ठाऊक होतं! संपदा इकडे यायची तेव्हा शेतावर शिकवलंही हिनेच, माझ्या पाठीमागे!

"गुढीच्या दिवशी पट्टा ओळखला मी," संपदा म्हणाली. "वाटलं, कसर लागली म्हणून मला सांगितलेला शालू इथे आहे तर. आधी राग आला. मग रात्रभर हसू आवरेना. तुम्ही एकदा तरी चल म्हणाल, म्हणून वाट पाहिली. म्हणाला नाहीत. मला वाटलं, मी तुम्हाला त्या लायकीची वाटत नसेन."

"अगं वेडे," एवढंच मला म्हणता आलं, आणि मी रडले. हसतही होते. डोरीनने मला टिश्यू दिला.

"आणि श्यामला विचारलं असेल ना पोलिसांनी? बायको रागीट आहे का म्हणून?"

"विचारलं. हे म्हणाले, माझ्या आईपेक्षा कमी."

सबब वरील कलम चौथ्यातला "वारस नाही" पासून "काढून घ्यावा" पर्यंतचा मजकूर मी स्वहस्ते खोडला आहे, आणि कलम तिसऱ्यातलं साक्षीदार म्हणून संपदाचं नावही. त्याजागी : सदर कार्बाइन, सर्व साजासकट, माझी सून सौ. संपदा हिला द्यावी. शालू तिला हवा होता, तो असा मिळाला. पट्टा लांब वाटला तरी आखूड करू नये, काठ कापला की जर सुटते. हार्मोनियमही तिचीच, माउंट रॉस्किलमध्ये रियाजाला जायचं तर एखादं गाणं वाजवता आलेलं बरं. संपदाने अट घातली आहे की हे तिला इतक्यात मिळू नये, आणि जूनमध्ये आम्ही दोघींनी शेतावर जायचं. अट मला मान्य आहे. मंगळवारी डॉक्टरांना तसं सांगते.

साक्षीदार एक कमी पडला, म्हणून समोरून रमणभाऊंना बोलवावं म्हटलं, तर दारात स्नेहलता उभी. ऑक्टोबरच्या गुढीसाठी माझं मार्गदर्शन हवं होतं. तिला पेन दिलं.

स्थळ : अप्पर हट. दिनांक : १५ मार्च २००८, शनिवार.

लिहून ठेवणार : मृणालिनी प्रमोद दिवेकर (सही)

साक्षीदार :
१. डोरीन (सही. मराठी येत नाही. सगळं ठाऊक आहे.)
२. स्नेहलता गुरुदत्त नाडगौडा (सही. मराठी येतं, म्हणून सहीची जागा सोडून सगळ्या मजकुरावर संपदाने हात ठेवला होता.)