सुजूचं नाव

१० ऑगस्ट, रविवार
आज सौसरच्या घराला मोठं कुलूप लावून आले. महिन्यापूर्वी धाकट्या भावाला, भास्करला, मेंदूचा झटका आला तेव्हा दोन साड्या पिशवीत कोंबून पांढुर्ण्याला धावले होते. आज पुस्तकंही आणली. म्हणजे मुक्काम लांबणार, हे मान्य केलं.
भा. काठीनं न्हाणीपर्यंत जातो. उजवा हात लोंबता. बोलणं गेलंय. पाणी हवं तर पेल्याकडे बोट. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, सगळं समजतं त्यांना, शब्द सापडत नाहीत. परत येतील का, सांगता येत नाही. बोलत राहा त्यांच्याशी.
वीज खात्यातला लाइनमन. खांबावर चढला तरी खालच्याशी गप्पा चालू. अख्खा मोहल्ला त्याला बिजलीवाले भाऊ म्हणतो. त्याच्या तोंडाला लगाम नाही म्हणून मी जन्मभर रागावले.

१३ ऑगस्ट
भास्करची मुलगी सुजाता हैदराबादहून आली ती अजून इथेच. कॉलेज सुरू होऊन किती दिवस झाले. शेवटचं वर्ष. स्पॅनिश मुख्य विषय, जोडीला इटालियन. बारावीनंतर हे विषय निवडले तेव्हा मी विचारलं होतं, पांढुर्ण्यात कोणाशी बोलणार आहेस? भा. म्हणाला होता, "माह्याशी बोलन नं."
आणि खरंच, दर रविवारी तिचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा, शेजाऱ्यांना बोलवायचा. "बोल बेटा, तिकडचं बोल." ती बोलायची. कोणाला एक अक्षर कळायचं नाही. हा पोट धरून हसायचा. "माही पोट्टी दोन देशाचं बोलते."

१५ ऑगस्ट
सुजूनं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. दार, खिडकी, माठ, आरसा. मोठ्या अक्षरांत मराठी. मी म्हटलं, घराचं किराणा दुकान झालं.
"आत्याबाई, पहिल्या वर्षी आमच्या खोलीत असंच होतं. मॅडम तासाला हिंदी नाही, इंग्रजी नाही. वस्तू हातात द्यायची, तिचं नाव घ्यायची. बाबालेही तसंच शिकवून पाहाते."
भा. चिठ्ठ्यांकडे पाहतो. वाचताही येत नाही बहुतेक. संध्याकाळी तिनं 'खिडकी' त्याच्यासमोर धरली. त्यानं ती घेतली, घडी घातली, खिशात ठेवली.

१८ ऑगस्ट
चिठ्ठ्या काढल्या. आता नुसत्या वस्तू. चमचा हातात द्यायचा, "चमचा" म्हणायचं, वाट पाहायची. पुन्हा म्हणायचं. मी शाळेत शिकवताना एवढी वाट कधी पाहिली नाही. पोरगं अडलं की पुढचा उभा.
कमलबाई शेजारची येऊन म्हणाली, "बाई, एकडाव जामसांवलीच्या मारुतीकडे नेऊन पाहा नं भाऊले. लय लोकाईले गुण येते." मी म्हटलं, डॉक्टरच्या गोळ्या आधी पुऱ्या होऊ द्या. ती म्हणाली, "तुमचं आपलं शाळेवानीच हाय." चिडली नाही. जाताना भास्करला "जयभीम भाऊ" म्हणाली.
तो म्हणाला, "जयभीम."
स्पष्ट. आम्ही तिघी उभ्याच राहिलो. मग सुजूनं चमचा दाखवला. काही नाही.

२३ ऑगस्ट, पोळ्याची कर
गोटमार, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेक. रस्ते बंद. व्यायाम करून घेणारा नदीपलीकडचा, आला नाही. सुजूनंच हात-पाय वळवून घेतले. मोजत होती, एकदा स्पॅनिशमध्ये, एकदा इटालियनमध्ये. मध्येच आकडे मिसळले म्हणून स्वतःला शिवी दिली. दोन्ही सख्ख्या बहिणी, एकीचा शब्द दुसरीच्या घरात शिरतो, म्हणे. मी म्हटलं, आपण मराठी-हिंदीचं दुसरं काय करतो?
भा. तिच्या तोंडाकडे टक लावून होता. संपल्यावर डाव्या हातानं तिचं मनगट हलवलं. आणखी.

२६ ऑगस्ट
तो रोज मागतो. खुर्ची ओढतो, तिच्या तोंडाकडे बोट करतो. मराठीत बोललं की मान फिरवतो. शीलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे लागलं. "माह्याशी तोंड फिरवते अन् त्या भाषेवर खूश. आम्ही काय केलं?"
आज पोळ्या लाटताना मला उमगलं. मराठीत घरात तो एकटाच मुका. सुजू तिकडचं बोलायला लागते तेव्हा शीला, मी, कमलबाई, सगळ्याच त्याच्यासारख्या. बसायचं, ऐकायचं, काही कळत नाही.
शीलाला सांगितलं. ती पीठ मळत राहिली. हाताची गती तेवढी कमी झाली.

२९ ऑगस्ट
कॉलेजातून निरोप. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल. सुजूनं वाचून मोबाइल पालथा ठेवला.
"मी नाही जाऊन राहिली."
मी म्हटलं, वर्ष बुडवून बापाला काय मिळणार आहे?
"त्याहिले बोलता येईन तवा जाईन."
आणि नाही आलं तर?
इथली मुलगी एकदा शिक्षण सोडून घरी बसली की काय होतं, ते मी किती घरांत पाहिलंय. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे यायला लागतात.

२ सप्टेंबर
सुजू गेली तर सगळं शीलाच्या अंगावर, मी किती पुरणार. सुजू राहिली तर... तेही तिला कळतं. दहावीत तिचं स्वतःचं शिक्षण सुटलं, सासू आजारी होती म्हणून. ती सासू म्हणजे आमचीच आई. मी तेव्हा नागपूरला बी.ए. संपवून नोकरीला लागले होते.

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा
वर्षावासाचं, पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन विहारात चालू आहे. दर वर्षी वाचणारा भास्करच. यंदा वाचन मी करते. लोक माझ्या वाचनाला जांभया देतात, त्याच्या वेळी देत नसत. आज पौर्णिमेची वंदना म्हणून त्याला धरून नेलं. भिंतीशी खुर्ची दिली.
वंदना सुरू झाली आणि तो म्हणू लागला.
त्रिसरण, मग पंचशील. एकही अक्षर न चुकता, तोच जुना खडा आवाज. हळूहळू बाकीचे थांबले. तो एकटा म्हणत राहिला, शेवटपर्यंत. बायका रडल्या. कोणी धावत जाऊन पेढे आणले. "भाऊचं तोंड उघडलं बाप्पा." म्हातारा तागडे म्हणाला, "आता थांबत नाही हा, कान झाकून घ्या."
मीही रडले. लिहून ठेवते.
घरी येईपर्यंत सुजूचं तिकीट काढायचं ठरलं. शीलानंच काढायला लावलं.

८ सप्टेंबर
सकाळी सुजू त्याच्यासमोर बसली. "बाबा, मी कोण?"
त्यानं तिच्याकडे पाहिलं. घाम फुटला. मग त्रिसरण म्हणायला लागला. तिनं पूर्ण होऊ दिलं, मांडीवर हात ठेवून ऐकलं, पुन्हा विचारलं. पुन्हा त्रिसरण. या वेळी तो रडत म्हणत होता.
अंगणात मला म्हणाली, "आत्याबाई, पहिल्या वर्षी मी स्पॅनिशमध्ये 'माझं कुटुंब' घडाघडा म्हणायची. पानभर. माझे वडील विजेचं काम करतात, माझे वडील खूप बोलतात. मॅडमनं मधात विचारलं, तुझ्या वडिलांचं नाव काय? तं मले सांगता नाही आलं. पाठ असणं अन् बोलणं अलग रायते."
त्या पाठांतरावर मी किती पोरं पास केली.
तिकीट रद्द करते म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस थांब.

१० सप्टेंबर
हे लिहू की नको.
दुपारी सुजू औषधं आणायला चौकात गेली होती. भा. खाटेवर, शीला त्याचे पाय चेपत होती, मी शेजारी तांदूळ निवडत होते. सुजू परतली तशी शीला उठून दारात गेली.
"तुहं नाव घेतलं आत्ता यायनं."
सुजू जागीच थांबली. "काय म्हणलं?"
"सुजू म्हणले. दोनदा. तू दिसली नाही म्हून दाराकडे पाहून. इचार बाईले."
सुजूनं माझ्याकडे पाहिलं. शीलानं पाहिलं नाही. ती पदरानं औषधाची बाटली पुसत होती, जी स्वच्छच होती.
भास्करनं काहीही म्हटलं नव्हतं. तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.
खोटं बोलणाऱ्या पोराला मी वर्गाबाहेर उभं करत आले. कारण ऐकून घेतलं नाही कधी.
मी म्हटलं, "हो. मी ऐकलं."
सुजू त्याच्या छातीवर डोकं ठेवून बसली. "मंग परवा सकाळी मीच घाई केली बाबा." त्यानं डाव्या हातानं तिची वेणी धरली. त्याला सगळं समजतं, असं डॉक्टर म्हणाले होते. माझ्याकडे पाहत होता. मी तांदळाकडे.

१२ सप्टेंबर
सुजू गेली. नागपूरच्या गाडीत बसवून दिलं, तिथून पुढे हैदराबाद. भास्करला स्टेशनवर नेलं नाही. निघताना ती त्याच्या कानाशी वाकून इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलली. अर्थ विचारला तर म्हणाली, तो फक्त बाबासाठी होता. त्यालाही कळला नाही, आम्हालाही नाही.
फलाटावर शीलाला विचारलं, का केलंस?
"तुमी काहून हो म्हटलं मंग?"
दोघी ऑटोत बसलो. पुढे एवढंच म्हणाली, "माह्या वक्ती असं खोटं बोलणारं कोणी नव्हतं."

२१ सप्टेंबर, रविवार
फोन आला. स्पीकरवर टाकला, कमलबाईलाही बोलावलं, पूर्वीसारखं. ती स्पॅनिशमध्ये बोलली, भा. ऐकत मान हलवत होता. एकदा हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा.
मग मराठीत: "नाव घेते का बाबा अजून? आज घेऊ द्या नं. मी थांबते."
भा. फोनकडे पाहत राहिला. फोनमधून तिच्या हॉस्टेलच्या बाहेरचे हॉर्न ऐकू येत होते. कमलबाईला आतलं काही माहीत नाही, ती म्हणाली, "बोला नं भाऊ, पोट्टी वाट पाहून रायली."
तो म्हणाला, "जयभीम."
मी फोन घेतला. तुझी तोंडी परीक्षा कधी ते सांग. तिनं सांगितलं. हजेरी भरते आहे का? भरते आहे. मग म्हणाली, "आत्याबाई, बाबानं खरंच म्हणलं होतं नं?"
मी म्हटलं, अभ्यास कर.
"हाव," म्हणाली. म्हणजे हो, पण कोणत्या अर्थानं, मला कळलं नाही. तिच्या दोन देशांच्या भाषेपेक्षा हा एक शब्द अवघड.

२२ सप्टेंबर
परीक्षा आटोपून डिसेंबरात घरी येईल. तोवर वेळ आहे.
आजपासून शिकवणी मी घेते. चमचा नाही, खिडकी नाही. एकच शब्द. तिचा फोटो त्याच्या हातात देते, नाव घेते, थांबते. पुन्हा घेते. विहारात सांगून टाकलं, सकाळच्या ग्रंथवाचनाला मी येणार नाही.

२ ऑक्टोबर
काही नाही. आज त्यानं फोटो भिरकावला. मी उचलला, पुसला, पुन्हा दिला. रागावले नाही. शीला दारातून पाहत होती, आत आली, शेजारी बसली. आता दोघी म्हणतो.

९ ऑक्टोबर
सकाळी अंगणात. भास्करच्या एका हातात चहाचा कप, मांडीवर फोटो. शीलानं नाव घेतलं, मी घेतलं. थांबलो. त्यानं फोटोकडे पाहून ओठांचा चंबू केला. 'सु'साठी करतात तसा. नुसती हवा आली.
शीलानं माझा हात धरला. मी म्हटलं, चहा गरम आहे, फुंकर मारत असेल.
उद्या चहा गार करून देणार.