बाकड्यावरचे वंशज

तीर्थस्वरूप केदारदादास,

विश्रांतवाडीहून नंदाचा नमस्कार. (वाकणं डॉक्टरांनी बंद केलंय, तेव्हा उभ्यानेच केलेला चालवून घे.) तुझा रक्तदाब कसा आहे? धायरीच्या रस्त्यावरची गर्दी काय म्हणते? आई माझ्याकडे होती ती नऊ वर्षं तू त्याच गर्दीत अडकलेला होतास, म्हणून मुद्दाम चौकशी.

आईच्या स्मरणार्थ सोसायटीच्या बागेत ठेवायचं बाकडं आलं. तू फोनवर सांगितलास तोच मजकूर पाठीवर घातला: वर आईचं नाव, खाली 'वंशज' आणि तुझं, मुलाचं, नातवाचं नाव. पेंटर रावसाहेबांनी कामाला खालून सुरुवात केली. (का, ते विचारलं नाही. पुण्यात कारागिराला कारण विचारत नाहीत.) तुझा सहा महिन्यांचा नातू वीतभर अक्षरांत ऐसपैस बसला आणि आईला वर दोन बोटं जागा उरली. चष्मा लावूनही ती दिसत नाही.

रावसाहेबांनी सहज माझंही नाव विचारलं. मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, मुली वंशज नसतात, त्या दिल्या घरच्या. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली मी, तरी घाबरून शब्दकोश उघडला. वंशज म्हणजे वंशात जन्मलेला. जन्मले तर मीही होते. पण साक्षीदार एकटी आई, आणि शेवटची दोन वर्षं तिच्या साक्षीत काही राम उरला नव्हता. आजाऱ्यांची देखभाल करायला ब्यूरोतून येणाऱ्या मावश्या टिकेनात, म्हणून तिचं सगळं मीच करायचे. मग ती मलाही मावशी म्हणू लागली. भिंतीवरच्या तुझ्या फोटोला मात्र अखेरपर्यंत केदारच म्हणायची. फार लागलं रे ते. शेवटच्या दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तर माझा हात धरून म्हणाली, "मावशी, आता घरी जा. तुमची आई वाट बघत असेल."

मी गेले नाही. तासाभराने तीच गेली.

असो. माझं काही भांडण नाही. वंशज तूच. मी रोज सकाळी त्या बाकड्यावर नेमकी तुम्हा तिघांवर पाठ टेकून बसते. बरं वाटतं.

तुझी धाकटी,
नंदा

ता. क. भांडण नाही म्हटलं, ते खोटं आहे.

आणखी एक ता. क. रावसाहेब रविवारी बाकडं पुन्हा रंगवणार आहेत. अगदी खाली एक बारीक ओळ वाढवायला हो म्हण. 'नंदा' नको. 'आणि मावशी' एवढंच. आई कधी वाचायला आलीच, तर तिला ओळख तेवढ्यावरूनच पटेल.