ऋताचा गोमेद आणि आईचा तामड्याचा सर

मी, उत्तरा कुमार पाटणकर, वय एकाहत्तर, विधवा, राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी एकुलती एक मुलगी ऋता हिच्या नावे होतं. ऋता मार्चमध्ये गेली. लेकीचं नाव खोडून आईने मृत्युपत्र पुन्हा लिहायचं, हे कसलं मेलं नशीब! पण लिहायला हवं.

१. राहतं घर विकावं. येईल ते ऋताला शेवटी सांभाळणाऱ्या हॉस्पिसला द्यावं. दुसरं घेणारं कुणी उरलेलं नाही.

२. रत्नं तपासायच्या लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. माझं भिंग आणि चिमटा नेत्रा वैशंपायन हिला. नेत्रा ही ऋताची स्टेट कॉलेजमधली रूममेट. केमोला तीच तिला ड्राइव्ह करून न्यायची. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माझ्या आईचा तामड्याचा सरही नेत्राला. तामडा म्हणजे गार्नेट. माणिक न परवडणाऱ्या घरांत लाल खडा म्हणून हाच असे. पूर्वी प्रवासी सुखरूप परत यावं म्हणून तो जवळ बाळगत म्हणे; मी अमेरिकेला निघाले तेव्हा आईने त्याच आशेने माझ्या गळ्यात घातला. परत कसली जातेय! इथे हे जानेवारीत जन्मलेल्यांचं रत्न मानतात. ऋता जानेवारीची, म्हणून सर तिचा होता. तिच्यासाठी लिहिलेल्या सूचना खोडवत नाहीत, तशाच ठेवते: कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. हिऱ्यांच्या डबीत ठेवू नकोस, चरे पडतात. वाफ आणि उकळतं पाणी तर मुळीच नको. एकदम उष्णता लागली की तडकतो.

४. माझ्या नणंद, पुण्याच्या इलावन्सं, यांना माझ्या इस्टेटीतलं काहीही मिळू नये. ऋताचा कॅन्सर कळला तेव्हा त्यांनी राहूची पीडा सांगून गोमेदाची अंगठी पाठवली. गोमेद हाही गार्नेटचाच प्रकार. मी चिडले, पण भिंगाखाली धरला. आत पाक ढवळल्यासारखी लहर. अस्सल! खोटा निघाला असता तर खापर फोडायला काहीतरी मिळालं असतं. खडा अंगाला टेकावा म्हणून कोंदण मागून उघडं ठेवलेलं. "मॉम, यू बिलीव्ह इन धिस?" ऋताने विचारलं. नाही म्हटलं, आणि तिच्या बोटात घातली. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

आता वन्सं फोनवर सांगतात, गोमेद वाहत्या पाण्यात सोड; एकाचा खडा दुसऱ्याने घातला तर पहिल्याचा राहू मागे लागतो. लागू दे. माझ्या लेकीचाच आहे ना!

५. शेवटच्या स्कॅनला अंगठी काढायला लावली. सुजलेल्या बोटाला साबण लावून मीच काढली. पुन्हा घालायला वेळ मिळाला नाही. आता ती माझ्या बोटात आहे. फ्युनरल होमवाले काढा म्हणतील. काढू नये, दहनात माझ्यासोबत जावी. साक्षीला आलेली शेजारची मोना आत्ताच म्हणाली, "काकू, एवढं कलम तरी कॅन्सल करा ना, खडा तडकेल."

तडकू दे.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

उत्तरा कुमार पाटणकर

साक्षीदार:
१. मोना अजित करंदीकर
२. देवांग शाह

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१४ जून २०२५