बोलपाटी पुन्हा सुरू झाली

मेहरूण, जळगाव

प्रिय ललित,

फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर मला बंद करून ठेवलंयस, म्हणून तुझ्या धुळ्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर हे पाकीट टाकतेय. अक्षर ओळखून फाडू नकोस. भांडायचं असेल तर वाचून झाल्यावर भांड, मी कुठे पळून चालले नाही. आई आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. आहे, पण मध्यंतरी तिचं बोलणं बंद पडलं होतं. तू तिच्यासाठी बनवलेली बोलपाटी बंद पडली, आणि पाटी बंद म्हणजे आई बंद. जीभ या आजारानं कधीच नेली, हातपायही नेले. उरलाय तो उजवा अंगठा आणि त्याखालचं तुझं बटण. पाटीवर शब्द सरकत जातात, हवा तो आला की दाबायचं आणि पाटी तो बोलते.

झालं असं, की लाइट फडफडली आणि जुना लॅपटॉप गेला. डिस्क तेवढी वाचली. कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे ना ज्ञानेश्वरचं, त्यानं ती काढून नव्या लॅपटॉपला जोडून दिली. तोवर आई पापण्यांनी हो-नाही सांगायची, पण तिला हो-नाही नको होतं, काहीतरी वेगळंच सांगायचं होतं. मी विचारत सुटले, पाणी हवं? कूस बदलू? पंखा लावू? नाही, नाही, नाही, आणि शेवटी डोळ्यांना धार. शेजारीपाजारी म्हणाले, मोबाईलवर बोलणारी अ‍ॅप मिळतात, एखादं घे. घेतलं ना! त्यातली बाई इतकं पुस्तकी बोलते की आईनं डोळेच मिटून घेतले. तिला तिची अहिराणी हवी. तू पाटीत ‘आहे’च्या जागी ‘शे’ घातलंस, ‘सगळं’च्या जागी ‘बठ्ठं’ घातलंस, तिच्या दोंडाईच्याकडच्या शिव्यासुद्धा घातल्यास. आवाज माझा. तू एकेक शब्द माझ्याकडून बोलवून घ्यायचास आणि शिव्या आल्या की मी हसत सुटायचे. तशी पाटी बाजारात कुठून आणू?

शाळेत कॉम्प्युटरचे तास मीच घेते, तेव्हा वाटलं यात काय एवढं. अरे देवा! तुझा प्रोग्रॅम पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आणि त्याला लागणारी मॉड्यूल, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार तुकडे, नव्या लॅपटॉपवर एकही नाही. ज्ञानेश्वरनं शक्कल लढवली. जुन्या डिस्कवरचं मॉड्यूलांचं अख्खं फोल्डर उचलून नव्यात टाकलं. आपण जुनं काही न टाकणाऱ्या घरातले, मलाही ते पटलं. सुरू करताच बंद. ती सगळी जुन्या पर्लसाठी बांधलेली, नवं पर्ल त्यांना हात लावायला तयार नाही. शिवाय नवी-जुनी अशी मिसळली, की नंतर टाकलेलंही चालेना. सगळं पुसलं, पहिल्यापासून सुरुवात केली. मग लग्नातल्या मानाच्या माणसांसारखं सुरू झालं. एकाला बोलवावं तर तो म्हणतो आधी त्याला आणा, त्याला आणावं तर तो तिसऱ्यासाठी अडून बसतो. पाटीची खिडकी उघडणारं मॉड्यूल बांधायला घेतलं, तर ते बांधणारा कंपायलर नाही. कंपायलर टाकला, तर स्क्रीनशी जोडणाऱ्या फायली नाहीत, त्या म्हणे वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात. मी आपली शेवटची ओळ वाचून कपाळ बडवतेय, आणि खरं दुखणं पार वर, पहिल्या एररमध्ये लिहिलेलं.

अखेर बांधणी झाली. बसण्याआधी मॉड्यूल स्वतःला तपासून बघतं, त्या चाचण्या सुरू झाल्या. लॅपटॉप आईच्या पलंगाशेजारी, तिचं बटण त्याला जोडलेलंच होतं. चाचणी घेताना ते मॉड्यूल स्क्रीनवर लहानमोठ्या खिडक्या उघडतं आणि लगेच मिटतं. आईला वाटलं, पाटी आली. तिनं अंगठा दाबायला सुरुवात केली. खिडकी उघडली की दाबायची, मिटली की पुन्हा दाबायची. मी सांगतेय, आई, ही ती नव्हे गं, थांब. ती थांबेना. मग दमली, ओठांच्या कडेनं लाळ आली. ती मी पुसली आणि मोरीत जाऊन पोटभर रडले. तुला शिव्या दिल्या, ललित, अगदी मनापासून, आणि त्याही पाटीतल्याच.

एक चाचणी नापास झाली. ज्ञानेश्वर म्हणाला, ताई, चाचण्या सोडा, जबरदस्तीनं बसवून टाका. मी म्हटलं, थांब बाबा, उद्या बटणच दगा द्यायला लागलं तर? नापास कुठली ते नीट वाचलं. अक्षरांच्या मापाची होती, बटणाशी तिचा काही संबंध नव्हता. मग बसवलं. तरी पाटी उघडेना! आता म्हणे तू स्वतः लिहिलेलं मॉड्यूल सापडत नाही. अरे, फाइल तिथेच, प्रोग्रॅमच्या मांडीला मांडी लावून बसलेली, आणि हे म्हणतं सापडत नाही. नवं पर्ल स्वतः उभं आहे त्या फोल्डरात आपणहून बघत नाही, सुरक्षेसाठी ती सवय काढून टाकलीय. इथं बघ, असं बजावून सांगावं लागतं. सांगितलं, आणि पाटी उघडली. ज्ञानेश्वरनं टाळी वाजवली. मला टाळीसाठी हात उचलायचंही त्राण नव्हतं.

आता ते दुसरं, पाटी बंद पडण्याआधीचं. दवाखान्यात आई बेशुद्ध असताना तिच्या पोटात अन्नाची नळी बसवायला तू सही केलीस. वाईट हेतूनं नाही, हे मला माहीत आहे. आजार कळला तेव्हाच ती नळी नको म्हणाली होती, हे तुलाही माहीत आहे. घरी आल्यावर पाटीवर तिचं पहिलं वाक्य होतं, ‘तू येऊ नको.’ तू माझ्याकडे बघितलंस आणि दारात म्हणालास, हे वाक्य अक्कानंच पाटीत भरून ठेवलंय. कुणी भरलं नव्हतं रे. तिनं एकेक शब्द निवडून जोडलं होतं. पाटी तू बनवलीस, तुला हे कळायला हवं होतं. मला त्याचा अजून राग आहे, तो इतक्यात जाणारही नाही.

पाटी उघडल्यावर शब्द निवडता निवडता आईची सगळी दुपार गेली. आधी म्हणाली, ‘ललितले बलाव.’ मी हरखून गेले, वाटलं, झालं, मिटलं सगळं. मग तिनं पुढचं जोडलं, ‘नळी काढी टाका. आते बस.’ आता पुरे, म्हणते. मी रोज नव्यानं विचारते, ती रोज तेच सांगते. डॉक्टर घरी येऊन ऐकून गेले. म्हणाले, त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे, पण दोन्ही मुलं समोर बसल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. हे मी नुसतं कळवून सोडलं, तर तू पुन्हा तेच म्हणशील, अक्कानंच भरलंय. म्हणून ये. तिच्या अंगठ्याखाली बटण तू स्वतः ठेव, तूच विचार, मी खोलीबाहेर उभी राहीन. माझ्याच आवाजात आई मरण मागते, ललित, आणि ते ऐकायला घरात मी एकटी आहे. तिचा अंगठाही आता सैल पडत चाललाय. तो हलतोय तोवर ये.

तुझीच, रागावलेली
अक्का