दर्याला नारळ न वाहणारी शालू

मालवण, श्रावण शुद्ध पौर्णिमा, शके १८८०

श्रीरामा, तुझ्या कृपेने लेखणी तरी आवरो. क्रोध आवरत नाही.

नात शालू हिने आज दर्याला नारळ वाहिला नाही, म्हणून शाळेच्या गुरुजींनी तिच्या तळहातांवर छड्या ओढल्या. याच दर्याने गतवर्षी तिचा बाप नेला, हे त्या गृहस्थास ठाऊक नव्हते काय?

"आजोबा, माझो बाबा परत दिल्यान नाय, तेका नारळ कित्याक देव?"

खरेच, ज्याने बाप परत दिला नाही, त्याला नारळ का द्यावा? ते लाल तळहात!

आणि मी? पारायणांचा अभिमानी! 'आत्मा अमर आहे, रडू नये,' असे वर्षभर तिला दटावीत आलो. तीही छडीच. आज पोटाशी धरले, तेव्हा कुठे ती रडली.

उद्या गुरुजींना जाब विचारीन. आधी स्वतःचा अपराध सांगेन.

वाचणाऱ्या सर्वांच्या लेकरांना रडावयास मांडी लाभो.