एकच शिपाई

प्रिय ठोंब्या,

अक्षर वाकडं आहे, लागेल तसं वाच. शाळेत मी दोनच इयत्ता काढल्या, त्यातली एक भांडणात गेली. बेकरी चालू आहे. लढाईमुळे मैदा निम्माच मिळतो, साखर दिसतच नाही, तरी आपल्या साप्ताहिकात गावातले झाडून सगळे दुकानदार जाहिरात देतात. सायकलवाल्याकडे एक टायर नाही, पण तो छापतो, 'टायर आले की कळवू.' लोकांनी विसरू नये म्हणून, दुसरं काय!

सगळ्यांत वरचढ समोरची बेकरीवाली. तिच्या जाहिरातीत बंदूकवाला शिपाई, खाली 'माझा मुलगा आघाडीवर, माझा पाव तुमच्या दारी.' झालं! तिचा पाव भिंतीत चिणला तर घर हलणार नाही, पण रांग तिच्याकडे. तुझ्या शाळेच्या बाईसुद्धा मान खाली घालून तिकडेच जातात. माझ्या अंगाचा तिळपापड. माझा नातू काय तिकडे गोट्या खेळायला गेलाय? म्हणून तर गेल्या पत्रात तुला लिहिलं, वर्दीतला फोटो पाठव, ताठ उभा राहा, दात दाखवू नकोस.

तो येईपर्यंत मला कुठला दम! बुधवारी छापखान्यात गेले. म्हटलं, मलाही तिच्यासारखा शिपाई हवा, बोटभर मोठाच. छापखानेवाला म्हणाला, "आजी, शिपायाचा ठसा आमच्याकडे एकच. सगळ्यांना तोच." म्हणजे इतके महिने मी एका लाकडाच्या तुकड्यावर जळत होते! म्हटलं, मग आता मला दे. तर म्हणाला, या आठवड्यात नाही. ठसा काळ्या चौकटीत बसवलेला होता. खालची उलटी अक्षरं मला लागेनात, त्यानेच वाचून दाखवली. तिचा मुलगा, रे.

तिचं दुकान तेव्हापासून बंद आहे. रांग आता माझ्या दारात. काल तिच्याकडे पाव घेऊन गेले. तिने मोडून पाहिला, म्हणाली, "कच्चा आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी ऐकून घेतलं. परत येताना पोस्टमनने रस्त्यातच तुझं पत्र माझ्या हातात दिलं. ती दारात उभी होती. त्या पाकिटाकडे ती अशी बघत होती, जशी मी तिच्या जाहिरातीकडे बघायचे.

म्हणून हे घाईने लिहितेय. फोटो काढू नकोस. काढला असशील तर फाडून टाक. मी बिनचित्राची जाहिरात दिलीय, 'पाव मिळेल', एवढीच. तू आपला दात दाखवतच घरी ये.

तुझीच,
जळकी आजी